रिक्षाच्या बॅटरी-वायरिंगसाठी पिवळा डीटी-८३०डी मीटर कितपत पुरतो?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या गावी कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात हा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारा मीटर, टांगलेला दिसतो. पिवळं किंवा काळं प्लास्टिक, मधोमध गोल डायल, लाल-काळी वायर आणि आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. एकच कंपनी तो बनवत नाही, डझनभर नावांनी तोच माल येतो. किंमत साधारण दीडशे ते अडीचशे रुपये. ज्याची स्वतःची रिक्षा आहे त्याने तो घ्यावा का? घ्यावा, आणि आजच घ्यावा. रिक्षाला नवीन बॅटरी घालायला हजारो रुपये लागतात, आणि बॅटरी बदलूनही चौथ्या दिवशी सेल्फ घेत नाही अशा गाड्या गॅरेजला कायम येतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत दोष अर्थच्या (बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या) बोल्टमध्ये, रेग्युलेटरमध्ये (चार्जिंग आवरणाऱ्या डबीत) किंवा टर्मिनलवरच्या पांढऱ्या थरात असतो. पैसे टाकण्याआधी ते ओळखणं या मीटरने जमतं. फक्त त्याचं कुठलं रीडिंग खरं मानायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते पक्कं ठाऊक हवं.

दुकानातच करायची तपासणी आधी सांगतो. डायल २० व्होल्ट डीसीवर (बॅटरीचा, एकाच दिशेचा करंट) ठेवून नवा कोरा पेन्सिल सेल मोजा. नवा अल्कलाइन सेल १.५५ ते १.६२ दाखवतो. मीटर १.७५ किंवा १.४ म्हणत असेल तर दुसरा नग मागा. मग डायल २०० ओहमवर आणून दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट टेकवा. ०.३ ते ०.८ दिसेल, तो त्या वायरींचाच रोध आहे. आकडा नाचत असेल किंवा २-३ ओहम येत असतील तर वायर मानेपाशी तुटायला आलेली आहे. दुकानदाराने परवानगी दिली तर मागचे दोन स्क्रू काढून आत बघा. १० अँपियरच्या भोकापासून बोर्डवर कमानीसारखी जाड तार दिसली पाहिजे, आणि शेजारी २०० किंवा २५० मिलिअँपियरचा फ्यूज. काही नगांत फ्यूज नसतोच. तो नग घेऊ नका.

मीटरसोबत येणारी वायर हा या मालाचा सगळ्यात कच्चा भाग. इन्सुलेशन कडक, आतली तांब्याची केसं मोजकी, आणि मानेपाशी वाकून वाकून दोन-चार महिन्यांत तुटतात. शंभर-दीडशे रुपयांची सिलिकॉनची वायर आणि दोन मगरी क्लिप वेगळ्या घ्या. सेल्फ मारताना एक हात बटणावर असतो, त्यामुळे मगरी क्लिपशिवाय एकट्याला मोजता येत नाही.

आता बॅटरी. रिक्षा रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता, डायल २० डीसीवर ठेवून थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टोकं टेकवा. वायरीच्या क्लॅम्पवर टेकवू नका, खुंटावरच टेकवा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम चतुर्थांश, आणि ११.८ च्या खाली रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फसवा असतो, कारण प्लेटांवर वरवरचा चार्ज राहतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजा. मीटरची अचूकता २० व्होल्टच्या रेंजवर अर्धा टक्का आणि वर दोन-तीन अंकांची घट-वाढ एवढी धरतात, म्हणजे १२.६ वर आठ-नऊ शतांश व्होल्ट इकडेतिकडे. त्यामुळे १२.५२ आणि १२.५८ यांत फरक शोधत बसू नका.

उभ्या बॅटरीचं १२.६ हे रीडिंग ती चांगली असल्याचं प्रमाणपत्र नाही. प्लेटांवर सल्फेट बसलेली म्हातारी बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्यावर १२.६ दाखवते, आणि लोड आला की कोसळते. म्हणून खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. इंधन बंद ठेवा, म्हणजे इंजिन लगेच पेटणार नाही. मगरी क्लिप खुंटांना लावा आणि सेल्फ तीन-चार सेकंद दाबा. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय त्यात नाही, त्यामुळे याहून कमी वेळ दाबलं तर हाती काही लागत नाही. आपल्याकडच्या हवेत चांगली बॅटरी १० च्या वर राहते. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी एक तर उतरलेली आहे किंवा संपलेली. रात्रभर चार्ज करून पुन्हा मोजा. परत ९.६ च्या खाली आली तर बदला, तिला जपून उपयोग नाही.

उलट प्रकारही होतो आणि तोच जास्त फसवतो. सेल्फ मारताना खुंटांवर ११ च्या वर व्होल्टेज आहे, पण सेल्फ रडत फिरतो किंवा रिले (सेल्फ मोटरला जाड करंट सोडणारा स्विच) नुसता टक् करतो. म्हणजे बॅटरी देते आहे, वाटेत अडतं आहे. इथे या मीटरचं सोनं होतं. काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट आला तर इंजिनचा किंवा चेसिसचा अर्थ खराब आहे. तसंच लाल टोक प्लस खुंटावर आणि काळं टोक सेल्फ मोटरच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा, मोटरच्या बाजूने. सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं. जास्त आलं तर तीच मोजणी तुकड्यांनी करा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते रिलेचा पहिला बोल्ट, रिलेचे दोन्ही बोल्ट, रिले ते मोटर. ज्या तुकड्यावर व्होल्टेज दिसेल, दोष तिथेच. रिलेच्या दोन बोल्टांत अर्धा व्होल्ट पडत असेल तर आतले पॉइंट जळलेत, रिले बदला. खुंट आणि क्लॅम्प यांच्यातच पडत असेल तर गरम पाणी, खायचा सोडा, तारेचा ब्रश, मग घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली. खर्च वीस रुपये.

या कामासाठी मीटरची बीप (वाट जोडलेली असली की आवाज करणारी रेंज) वापरू नका, हे ठासून सांगायला हवं. बीपचा आवाज तीस-चाळीस ओहमपर्यंतच्या रोधालाही येतो. ३५ वॉटचा हेडलाइट बल्ब पेटलेला असताना स्वतःच जेमतेम चार ओहमचा असतो. म्हणजे अर्थच्या वाटेत दहा ओहमचा गंज असला तर बल्ब लाल केसासारखा मिणमिणेल आणि मीटर मात्र खुशाल बीप करील. केबलची एकच केस शिल्लक राहिली तरी तेच. अर्थ मोजायचा तर करंट वाहत असताना व्होल्टेज मोजूनच. बीप फक्त फ्यूज गेला का, वायर मधे पूर्ण तुटली का आणि कुठली वायर कुठे जाते, एवढ्यापुरती. आणि बीप किंवा ओहमवर डायल असताना बॅटरीचा मायनस काढलेला हवा.

पावसाळ्यात अर्थच्या तक्रारी का वाढतात हे रिक्षाच्या बांधणीतच आहे. बल्बांना प्लसची वायर येते, परतीची वाट बहुतेक पत्र्यातूनच असते, आणि अर्थची रिंग रंगवलेल्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते. चार महिने चिखल उडतो, रिंगखाली गंज चढतो. कोकणात खाऱ्या वाऱ्याने तर कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) आतल्या पितळी पिनाही हिरव्या पडतात. लक्षणं ठरलेली: डावा इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकतो, ब्रेक दाबला की हॉर्नचा आवाज बसतो. एका बल्बचा करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो म्हणून असं होतं. बल्ब पेटलेला ठेवून होल्डरच्या बाहेरच्या कड्यावर लाल टोक आणि बॅटरीच्या मायनसवर काळं. ०.२ च्या वर आलं की बोल्ट काढा, रिंगखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मगच वरून रंग किंवा ग्रीस लावा.

चार्जिंगकडे येऊ. इंजिन चालू करा, रेस मध्यम ठेवा आणि बॅटरीच्या खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ यायला हवं. हेडलाइट लावल्यावर १३.५ च्या आसपास टिकलं तरी चालेल. रेस वाढवूनही आकडा १२.५ वरच अडकला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर करंट आवरत नाही: बॅटरीचं पाणी पंधरवड्यात आटतं, बल्ब फटाफट जातात, बॅटरीच्या बाजू फुगतात. अशा गाडीला नुसती नवी बॅटरी घातली तर तीही जाते.

पण १५-१६ दिसलं की लगेच रेग्युलेटर आणायला धावू नका. या मीटरचा सगळ्यात वाईट दोष इथे आडवा येतो. त्याची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली, ७ च्या आसपास आली की आतला संदर्भ-व्होल्टेज (ज्याच्याशी ताडून मीटर आकडा काढतो तो) ढासळतो आणि रीडिंग वर चढायला लागतं. पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह बऱ्याचदा उशिरा येतं, काही नगांत येतच नाही. मग सगळ्याच गाड्या १५.६ दाखवू लागतात आणि चांगले रेग्युलेटर भंगारात जातात. संशय आला की तोच पेन्सिल सेल मोजा. १.८ दाखवला तर दोष मीटरच्या पोटात आहे. मीटर आपोआप बंद होत नाही, काम झालं की डायल ऑफवर न्यायची सवय हवी.

बॅटरीला चार्ज पोचत नसेल तर मॅग्नेटोची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल आणि रेग्युलेटर यांच्यातला कपलर आधी उघडा. दहापैकी कितीतरी वेळा दोष तिथेच दिसतो: एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं. कपलर साफ असेल तर कॉइलच्या वायरी सोडवून इंजिन चालवा आणि डायल २०० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणारा करंट) ठेवा. एकाच रंगाच्या तीन वायरी असतील तर तीन फेजची कॉइल आहे, दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा. प्रत्येक जोडीचा आकडा रेसबरोबर चढला पाहिजे आणि तीनही सारखे हवेत. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळाली. आकड्याच्या नेमकेपणावर मात्र इथे विसंबू नका. हा मीटर ४००-४५० हर्ट्झपर्यंतच एसी नीट मोजतो, आणि मॅग्नेटोत चुंबकाच्या सहा जोड्या असतील तर ४,००० आरपीएमला ४०० हर्ट्झ येतातच. म्हणून तुलना करा, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवू नका. कॉइलचा रोधही तसाच. तो एका ओहमच्याही खाली असू शकतो आणि मीटरच्या वायरीच अर्धा ओहम खातात. पण कॉइलची वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मात्र काहीच वाट असता कामा नये: २००० के ओहमच्या रेंजवर पडद्याच्या डाव्या टोकाला नुसता १ दिसला पाहिजे. हा १ म्हणजे एक ओहम नव्हे, रेंजच्या पलीकडे असा त्याचा अर्थ. नवशिका इथे हमखास गोंधळतो.

रेग्युलेटरसाठी डायोडची (करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागाची) रेंज आहे. सगळ्या पिना सुट्या करून एसीची प्रत्येक पिन आणि प्लस यांच्यात दोन्ही बाजूंनी मोजा, मग एसीची पिन आणि बॉडी यांच्यात. एका दिशेने ४५० ते ७०० आणि उलट दिशेने १ आलं तर तो डायोड ठीक. दोन्ही बाजूंनी ०-१० आलं तर आत शॉर्ट आहे, रेग्युलेटर गेला. दोन्ही बाजूंनी १ आलं तर मात्र लगेच निकाल देऊ नका, काही रेग्युलेटरांत त्या जागी एससीआर (इशारा मिळाल्यावरच करंट सोडणारे डायोड) असतात आणि ते या मीटरने उघडत नाहीत. तेव्हा भरवशाच्या रेग्युलेटरने अदलाबदल करून बघणं हाच मार्ग.

आणखी एक फसवी जागा. एसीच्या रेंजवर या मीटरमध्ये एकच डायोड अर्धी लाट घेतो आणि डीसी अडवायला काही नसतं. म्हणून डायल चुकून एसीवर राहिला आणि बॅटरी मोजली तर एका बाजूने २७-२८ व्होल्ट येतात आणि टोकं उलटी केली की शून्य. बॅटरीवरची एसीची लहर मोजून डायोड तपासायची पद्धत महागड्या मीटरची आहे, ती यावर लागू होत नाही.

उभी गाडी बॅटरी खात असेल तर करंट मोजावा लागतो, आणि इथे हात जपून. लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला, डायल १०ए वर. चावी बंद. बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर जोडा. ०.०१ किंवा ०.०२ आलं तर लाल वायर मधल्या भोकात आणून २०० मिलिअँपियरवर नेमकं मोजता येतं, पण मधे कोणी चावी फिरवली किंवा हॉर्न दाबला तर आतला फ्यूज उडणार. सेल्फ तर कुठल्याच रेंजवर मारायचा नाही. ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ अँपियर-तास. ३२ अँपियर-तासांची बॅटरी धरली तर आठवडाभर उभ्या गाडीत चौथा हिस्सा गेला. २०० मिलिअँपियर असेल तर तेवढी बॅटरी दोन दिवसांतच जाते. एक-एक फ्यूज काढत जा, आकडा ज्या फ्यूजला पडेल ती लाइन धरा. बहुतेकदा चोर सापडतो तो नंतर जोडलेल्या सामानात: चावीच्या आधीच्या वायरला जोडलेला मोबाइल चार्जर, साउंडचा अँप्लिफायर, एलईडीची पट्टी. भाड्याच्या मीटरचं कनेक्शनही तपासा, पण त्याला सील असतं, ते तोडू नका.

१० अँपियरच्या भोकाला बहुतेक नगांत फ्यूज नाही. करंट मोजून झाल्यावर लाल वायर तिथेच राहिली आणि तशीच व्होल्टेज मोजायला बॅटरीवर टेकवली, तर तो सरळ शॉर्ट आहे. वायर हातात वितळते. करंटचं काम संपलं की लाल वायर मधल्या भोकात, त्याआधी दुसरं काही नाही. १० अँपियरजवळचा करंटही दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको.

फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर मीटर बाजूला ठेवा. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपियरच्या वर जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही. आता हँडलखालची वायरिंग हलवा, एक-एक कपलर सोडवा. ज्या क्षणी बल्ब मंद होईल तिथे शॉर्ट. हँडल वळताना वायरिंग घासते ती जागा आणि मडगार्डच्या पत्र्यातून वायर जाते ते भोक आधी बघा. फ्यूजच्या जागी तार घालणं म्हणजे सीएनजीच्या टाकीशेजारी आग लावायची तयारी ठेवणं. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही टर्मिनल काढू-जोडू नका. आणि नेहमी मायनस आधी काढायचा, शेवटी जोडायचा, म्हणजे पान्हा पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

इंजिन चालू असताना आकडे उड्या मारत असतील तर मीटरच्या वायरी प्लगच्या केबलपासून लांब घ्या. प्लगच्या केबलला किंवा सीडीआयच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या पेटीच्या) कॉइलला मीटर कधीच लावू नये, तिथल्या झटक्याने तो कायमचा जातो. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डासाठीही हा मीटर मी वापरू देणार नाही, अंगावर काहीही छापलेलं असो.

झाकणांची, पाण्याची बॅटरी असेल तर मीटरबरोबर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजणारी नळी) जरूर घ्या. भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२८० दिसतं. सहा सेलपैकी एक ०.०५० ने मागे असेल तर तो सेल मेला, आणि हे मीटर कधीच सांगू शकत नाही. बॅटरीवाल्या ई-रिक्षात चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तिथे एकूण ५०.८ बघून समाधान मानू नका. माणसं बसवून चढावर गाडी न्या आणि कोणाला तरी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायला सांगा. बाकीच्या १२ वर असताना जी १०.५ च्या खाली जाते, ती एकटी बाकी तिघींना खाते. लिथियमच्या पेटीला मात्र हात लावायचा नाही, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच.

रोज वायरिंगचंच काम करणाऱ्याला हा मीटर अपुरा आहे. सेल्फ किती अँपियर घेतो, मॅग्नेटो बॅटरीला किती परत देतो, हे वायर न तोडता पाहायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो. घेताना डीसी अँपियर लिहिलेलं नीट वाचा, फक्त एसी मोजणारा स्वस्त क्लॅम्प बॅटरीच्या कामाला शून्य. त्याला काही हजार रुपये पडतात आणि गॅरेजवाल्याचे ते वसूल होतात. स्वतःची एक रिक्षा सांभाळणाऱ्याने ते पैसे राखून ठेवावेत. पिवळा मीटर, सिलिकॉनची वायर, मगरी क्लिप, हायड्रोमीटर आणि २१ वॉटचा बल्ब मिळून सहाशेच्या आत बसतं. सीटखालच्या डब्यात ठेवताना पिशवीत गुंडाळा, डायलच्या आत तेल-धूळ गेली की आकडे अडखळतात. तसं झालंच तर डायल पूर्ण गोल पाच-सहा वेळा फिरवा, संपर्क घासून साफ होतात.